वाचन आणि लेखन

‘लिहितावाचता येणे’ हा शब्दप्रयोग मराठीत सर्वांच्या परिचयाचा आहे. लेखन व वाचन या क्रिया वेगळ्या असूनही लोकव्यवहाराने त्यांना एकाच विद्येची दोन अंगे मानले. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी आणि गिरवता गिरवता त्याचा मोठ्याने उच्चार करी. तेथे लेखन कोठे संपले आणि वाचन कोठे सुरू झाले, हे सांगता येत नसे. पुढे मात्र या दोहोंची फारकत होते. कित्येक जण पुष्कळ वाचतात, पण चार ओळी लिहावयाच्या म्हटल्या की अडखळतात. कित्येक जण भराभर लिहितात, पण लिहिलेले पुन्हा वाचून पाहत नाहीत. अशाने दोन्ही अंगे दुबळी राहतात.

लिहिणारा अर्थाकडून अक्षरांकडे जातो. वाचणारा अक्षरांकडून अर्थाकडे येतो. लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ आधीच सिद्ध असतो. वाचणाऱ्यापाशी कागदावरील अक्षरांखेरीज काहीच नसते. बोलताना आवाजाचा चढउतार व चेहऱ्यावरील भाव मदतीला येतात, आणि न समजल्यास पुन्हा विचारताही येते. लेखनात ही सोय नाही. म्हणून लेखकाने आपले लेखन परक्याच्या दृष्टीने वाचून पाहणे अगत्याचे असते.

समर्थ रामदासांनी हे मर्म ओळखले होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास त्यांनी लेखनाच्या रीतीला वाहिला आहे. तारुण्यात हौसेने बारीक अक्षर काढले, तर म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. यास्तव अक्षर मध्यम आकाराचे असावे, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. आजचा लेखक हाच उद्याचा वाचक आहे, ही जाणीव या उपदेशामागे दिसते.

मोडी लिपीचे उदाहरणही बोधप्रद आहे. ही लिपी भरभर लिहिण्यास सोयीची. तिच्यात लेखणी फारशी न उचलता लिहीत आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. समजा, एखाद्या पत्रात ‘किल्ला सोडूनका’ अशी सलग अक्षरे आली. ‘सोडू नका’ अशी ती आज्ञा, की ‘सोडून का’ असा प्रश्नाचा आरंभ? मागचापुढचा संबंध पाहूनच वाचणाऱ्याने याचा निर्णय करावयाचा! लिहिणाऱ्याचे श्रम वाचले, ते वाचणाऱ्याच्या वाट्याला आले. पुढे एकोणिसाव्या शतकात छापील मराठीत विरामचिन्हे रुळली, तीही वाचणाऱ्याची वाट सुकर करण्यासाठीच.

लेखकाने वाचक व्हावे, तसेच वाचकानेही लेखकाच्या जागी उभे राहावे लागते. संत एकनाथांचे कार्य याची साक्ष देते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. त्या काळी छापखाने नव्हते. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत. नकलाकाराची नजर कधी एका ओळीवरून खालच्या ओळीवर घसरे. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत घोटाळा होई. अपरिचित झालेल्या जुन्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसे. एका पोथीत शिरलेली चूक तिच्यावरून उतरलेल्या प्रत्येक पोथीत जाई. अशा रीतीने सुमारे तीनशे वर्षांत मूळ पाठ पुष्कळ बिघडला.

एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. हे काम केवळ डोळ्यांचे नव्हते. येथे मूळ शब्द कोणता असेल, कोणता शब्द ज्ञानदेवांच्या भाषेला व विचाराला शोभेल, हे क्षणोक्षणी ठरवावे लागे. एकनाथ स्वतः थोर ग्रंथकार होते. एकनाथी भागवत त्यांनी त्यापूर्वीच पूर्ण केले होते. लेखणी कशी चालते हे ठाऊक असल्यामुळेच त्यांचे वाचन इतके सूक्ष्म झाले. तरीही या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे त्यांनी बजावले. दुसऱ्याच्या शब्दांचा असा आदर हाही उत्तम वाचनाचाच भाग होय.

वाचनाने लेखन कसे सुधारते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रात आढळते. लहानपणी ते बोस्टन शहरात थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करीत. त्यांचे शुद्धलेखन चांगले होते. परंतु भाषेचे सौष्ठव आणि विचारांची मांडणी उणी पडते, असे वडिलांनी त्यांच्या नजरेस आणून दिले. पुढे ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकाचा एक खंड त्यांच्या हाती आला. त्यातील निबंध वाचून ते प्रत्येक वाक्याचा आशय थोडक्यात टिपून ठेवीत. काही दिवसांनी पुस्तक न पाहता त्या टिपणांवरून तोच निबंध ते आपल्या शब्दांत लिहीत, आणि मग मुळाशी ताडून आपले दोष दुरुस्त करीत. कधी ते टिपणांची सरमिसळ करीत आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा योग्य क्रमाने लावीत. त्यामुळे विचारांची जुळणी कशी करावी, हे त्यांना उमगले. दिवसभराच्या कामातून रात्री, पहाटे किंवा रविवारी जो वेळ मिळे, तो त्यांनी या अभ्यासाला दिला.

या अभ्यासाला वही आणि एक चांगले पुस्तक एवढेच साहित्य पुरते. वाचलेला उतारा मिटून ठेवावा, त्याचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि नंतर दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. वाचताना निसटलेले लिहिताना ध्यानात येते, आणि लिहिताना राहिलेली उणीव पुन्हा वाचताना दिसते. असा नित्य परिपाठ ठेवणाऱ्याला लिहितावाचता येते, असे खऱ्या अर्थाने म्हणता येईल.