भिंतीवरचा ‘ळ’

वर्षाचे तिखट भरण्याचे दिवस आले, की मोठ्या कुटुंबातील मंडळींची पावले कळमन्याच्या बाजाराकडे वळतात. यंदा आम्हीही सहकुटुंब गेलो होतो. मिरच्यांच्या ढिगांतून वाट काढीत धान्याच्या गाळ्यांपाशी पोहोचलो, तोच आमच्यातील सात वर्षांच्या नातीने आतील भिंतीवरची अक्षरे लावून वाचली आणि विचारले, “आजोबा, आपण कळमन्याला आलो ना? मग इथे ‘कलमना’ का लिहिले आहे?”

प्रश्न लहान खरा. परंतु उत्तर नागपूरच्या इतिहासात शिरल्यावाचून देता येत नाही. १९५६ सालापर्यंत नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्यात हिंदी व मराठी असे दोन्ही भाषिक नांदत होते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र झाला. राज्यांच्या सीमा एका दिवसात बदलल्या. पण बाजाराची बोली दोन्ही भाषांचीच राहिली. ती तशी राहावी यात काही वावगे नाही. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून हिंदी पाटीवर ‘कलमना’ यावयाचेच. मात्र मराठी पाटीवर तेच उमटले, म्हणजे अक्षर हरवले. आणि हा बाजार तरी कशाचा? गूळ, डाळ, तांदूळ, नारळ, केळी! ‘ळ’ काढून घेतला, तर येथील निम्मा माल मुका होईल.

जवळच्या एका गाळ्यात एक पेंटर भिंत रंगवीत होता. त्याचे काम पाहत आम्ही बराच वेळ उभे राहिलो. जुना रंग खरवडून, पांढरा हात देऊन भिंत तयार होती. नव्या चुन्याच्या वा सिमेंटच्या ओल्या भिंतीवर तेलरंग घाईने चढविला, तर भिंतीतील क्षार तेलाला खातो आणि अक्षरांचे पापुद्रे निघतात. म्हणून भिंत पुरती सुकू द्यावी लागते. मग रंगाची भुकटी लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये ओढून सोडायची, की सरळ रेघ उमटते. रोमन अक्षरे खालच्या रेघेवर उभी राहतात. आपली देवनागरी वरच्या शिरोरेखेला लोंबते. म्हणून आपला पेंटर आधी वरची ओळ पक्की करतो. दहा फुटांवरून वाचावयाचे अक्षर सुमारे एक इंच उंच असावे, असा ठोकताळा आहे. दोन अक्षरांतील अंतर मात्र मोजपट्टीने ठरत नाही, ते डोळ्यानेच ठरते.

आम्ही त्यास ‘ळ’विषयी विचारले. तो हसून म्हणाला, “सांगाल तसं लिहितो, साहेब. कागदावर लिहून आणतात तेच भिंतीवर जातं.” दोष हाताचा नव्हता, कागदाचा होता!

अलीकडे कागदही संगणकातून येतो आणि भिंतीऐवजी फ्लेक्स टांगला जातो. तो स्वस्त आणि तासाभरात तयार होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संगणकावर सर्वत्र पसरलेल्या ‘मंगल’ या टंकात ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. गंमत अशी, की तो टंक रेखाटणारे रघुनाथ कृष्ण जोशी हे मराठीच. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी अनेक वर्षे अक्षरकला शिकविली. टंक साऱ्या देवनागरीसाठी होता. मराठी वळण जपण्याचे काम आपले होते, ते आपण केले नाही. हाताने लिहिणाऱ्याला निदान सांगता तरी येते.

आमच्या थोरल्या बंधूंनी गाळेवाल्यास नम्रपणे विनंती केली. तो परप्रांतीय गृहस्थ, पण क्षणभर विचार करून म्हणाला, “नाव गावाचं आहे, गावाचंच असू द्या.” पेंटरने ‘ल’वर पांढरा हात फिरविला. मग शिरोरेखेखाली डावी वाटोळी पाकळी, मग उजवी. दोन्ही तोलून ‘ळ’ भिंतीवर बसला. नातीने टाळ्या वाजविल्या.

घरी परतताना ठरले, की दिवाळीच्या रंगकामात मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत सारी वर्णमाला याच पेंटरकडून लिहून घ्यावयाची. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांनी आपल्या भिंती केव्हाच ‘बोलक्या’ केल्या आहेत. सुशिक्षित घरांच्या भिंती तेवढ्या मुक्या का राहाव्यात? त्या निमित्ताने एका कारागिराच्या हातास काम मिळेल, आणि मुलांच्या डोळ्यांस आपल्या अक्षरांचे वळण लागेल. वाचकांनीही पाटी लिहावयास देण्यापूर्वी कागदावरचा मजकूर एकवार मोठ्याने वाचून पाहावा. कानाला खटकले, तर भिंतीवर जाण्याआधीच दुरुस्त करता येते.