धीर कुणासाठी, किती सामने?

देगलूर तालुक्याला एका अंगाने तेलंगण लागतं, दुसऱ्या अंगाने कर्नाटक. त्यामुळे आयपीएलच्या दिवसांत इथे कुणी हैदराबादचा असतो, कुणी बंगळुरूचा, मुंबईवाले तर असतातच. 2022 च्या फेब्रुवारीत मात्र चेन्नई सुपर किंग्जने तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरसाठी दीड कोटी मोजले आणि लांबची चेन्नई मराठवाड्याला एकदम सोयरी वाटायला लागली.

पोरगं एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून नुकतंच परतलं होतं. चेंडूला वेग, आणि बॅट हातात आली की आयर्लंडविरुद्ध केलेल्या 17 चेंडूंतल्या नाबाद 39 धावा. पण तो अख्खा मोसम त्याने बाकावर काढला. चेन्नई 14 पैकी चारच सामने जिंकून नवव्या स्थानी घसरली, तरी त्याला संधी नाही. प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांचं म्हणणं होतं, की वरच्या पायरीची तयारी झाल्याशिवाय कोवळ्या गोलंदाजाला पुढे ढकलायचं नाही. पाठीराख्यांत इथेच फाटलं. एका गटाचं मत, कच्चं मडकं नीट भाजू द्या. दुसऱ्याचं, हरतोच आहोत तर भट्टी कशासाठी राखून ठेवलीय?

मग आली 31 मार्च 2023 ची अहमदाबादची रात्र. हंगरगेकरने आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात 36 धावांत तीन बळी घेतले. त्यांत ऋद्धिमान साहा होता. त्याच सामन्यात कल्याणच्या तुषार देशपांडेला 3.2 षटकांत 51 धावांचा मार बसला. पुढे काय झालं? हंगरगेकर त्या मोसमात आणखी एकच सामना खेळला. देशपांडे शिव्या खात खेळत राहिला, 21 बळी घेतले आणि चेन्नईने चषक उचलला.

म्हणजे धीर होता. तो विशीतल्या पोरावर नाही, सत्ताविशीतल्या गोलंदाजावर खर्च झाला. चषक पाहता चेन्नईचं चुकलं म्हणणं अवघड आहे. पण बाकावर बसवून ठेवण्याला ‘घडवणं’ म्हणायचं का, हा तुळजापूरकरांचा सवाल खोटा ठरत नाही. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचंच बघा. 2020 मध्ये त्याच्या पहिल्या तीन खेळी 0, 5 आणि 0. तरी संघाने त्याला खेळवत ठेवलं. पुढचे तीन डाव नाबाद 65, 72 आणि नाबाद 62. वर्षभरात 635 धावा करून ऑरेंज कॅप त्याच्या डोक्यावर!

अमेरिकी बास्केटबॉलमध्ये हा वाद याहून टोकाला गेला. फिलाडेल्फियाच्या संघाने भविष्याच्या नावाखाली 2015-16 मध्ये 82 पैकी अवघे 10 सामने जिंकले. 2014 मध्ये निवडलेला जोएल एम्बीड दुखापतीमुळे पहिले दोन मोसम मैदानात उतरलाच नाही. ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ ही तिथल्या पाठीराख्यांची घोषणाच झाली. बाकीचे त्यांना हसले. 2023 मध्ये एम्बीड लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघाला विजेतेपद मात्र मिळालं नाही, त्यामुळे कोण बरोबर होतं यावर तिथे अजूनही एकमत नाही.

तिथला मोसम 82 सामन्यांचा, शिवाय नवख्यांसाठी वेगळी लीग. आयपीएलच्या साखळीत 14 सामने. चार-दोन हरले की धीर सुटतो. नवख्यांच्या लीगची उणीव भरायला 2023 पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग आहे.

2024 च्या लिलावात लखनौने हंगरगेकरला 30 लाखांना घेतलं. दोन वर्षांपूर्वी दीड कोटींवर गेलेली त्याची बोली सुरू झाली होती, तीही 30 लाखांपासूनच.