पट्टी कुठे अडते?

सोयाबीनच्या हंगामात परभणीच्या मोंढ्यात दुपारी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, गर्दी होते. अशा वेळी प्रिंटर गप्प बसला की मुनीमजींचं निदान ठरलेलं: नेट स्लो आहे. मालकाचा उपायही ठरलेला: नवा कॉम्प्युटर घेऊ. ज्या आडतीच्या प्रोग्रामची देखभाल माझ्याकडे आहे, तो लिनक्सवर, पायथन आणि पोस्टग्रेसमध्ये चालतो. सर्व्हर दुकानातच आहे. नेटचा संबंध येतच नाही.

कोणती प्रोसेस प्रोसेसर किती खाते ते दाखवणारा एचटॉप आधी लावला. पट्टी निघेपर्यंत पोस्टग्रेसची एक प्रोसेस 100 टक्क्यांवर, पायथन निवांत. मग पाय-स्पाय. चालू प्रोग्राम बंद न करता तो सेकंदाला 100 वेळा आत डोकावतो आणि त्या क्षणी कोणतं फंक्शन चालू आहे ते टिपतो. त्यावरून फ्लेम ग्राफ निघतो. ब्रेंडन ग्रेग यांनी 2011 मध्ये मायएसक्यूएलचं दुखणं शोधताना ही आकृती बनवली. पट्टा जितका रुंद, तितक्या जास्त वेळा ते फंक्शन सापडलं. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो असं समजून नवखे हमखास फसतात.

आमच्या ग्राफमध्ये मात्र काहीच हाती लागेना. पाय-स्पाय एरवी वाट बघत बसलेले थ्रेड मोजत नाही, आणि आमचा प्रोग्राम तर डेटाबेसची वाट बघण्यातच वेळ घालवत होता. 'आयडल' पर्याय जोडला तेव्हा रुंद पट्टा उमटला. शेतकऱ्याची मागची उचल शोधणारं फंक्शन!

पुढचं काम पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्सचं, म्हणजे प्रत्येक क्वेरीचा वेळ नोंदवणाऱ्या पोस्टग्रेसच्या एक्स्टेंशनचं. ते आधीपासून चालू होतं हे नशीब. सरासरी वेळेनुसार यादी लावली तर वर वार्षिक अहवालाची क्वेरी येते. ती बिचारी वर्षातून एकदा चालते. एकूण वेळेनुसार लावली आणि उचलीची क्वेरी पहिली आली. पट्टीतल्या प्रत्येक ओळीमागे ती नव्याने धावत होती. एक्सप्लेन ॲनालाइझनं उरलेलं उघड केलं: सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे दरवेळी अख्खी खतावणी पहिल्या पानापासून. खातेक्रमांकावर इंडेक्स टाकला, क्वेरी लूपबाहेर काढली. पट्टी बटण दाबताच निघू लागली आणि कॉम्प्युटरची खरेदी बारगळली.

ही सगळी साधनं मोफत आहेत, त्यांचा सोर्स कोडही खुला आहे. फक्त पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स सुरू करायला पोस्टग्रेस एकदा रीस्टार्ट करावं लागतं, आणि भर हंगामात ते कोणी करू देत नाही. तेवढं दसऱ्याआधीच उरकून ठेवा.