इंग्रजी शब्द लक्षांत कसे राहतील?

भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. मागांचा खडखडाट जेथें दिवसरात्र ऐकूं येतो, त्या वस्तींतील मूल शाळेंत जाण्यापूर्वींच पुष्कळ इंग्रजी शब्द ऐकून असतें. लूम, बीम, बॉबिन, शटल हे शब्द त्याच्या घरांत भाकरीइतके ओळखीचे असतात. परंतु तेंच मूल इंग्रजीचें पुस्तक उघडतें, तेव्हां त्याला वाटतें कीं, आपणांस या भाषेंतील एकहि शब्द येत नाहीं. घर मराठी असो वा उर्दू, हा समज सारखाच. आणि कित्येक मुलांच्या शिक्षणाचा गाडा पुढें याच विषयापाशीं येऊन अडतो. म्हणून नवे शब्द कसे शिकावे, हा प्रश्न केवळ परीक्षेचा नव्हे.

महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजीचा आरंभ पहिल्या इयत्तेंतच होतो. शब्द कानांवर लवकर पडूं लागले, तरी पाठांतराची रीत बहुधा जुनीच राहिली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी, एका बाजूस शब्द व दुसऱ्या बाजूस अर्थ लिहावा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं सारें घोकावें. दुसऱ्या दिवशीं काम भागतें. महिन्याभरानें मनाची पाटी कोरी होते, आणि मूल स्वतःलाच मंद समजूं लागतें.

दोष मुलाचा नसून रीतीचा आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानें निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती वेळानें किती विसरतात हें मोजलें, व १८८५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्याचा मोठा भाग पहिल्या कांहीं तासांतच निसटतो, पुढें निसटण्याची गति मंदावते. तसेंच एका बैठकींत घोकण्यापेक्षां तीच उजळणी निरनिराळ्या दिवसांवर वांटली तर श्रम वांचतात, असें त्यास आढळलें. निरर्थक अक्षरांऐवजीं बायरन कवीचीं कडवीं पाठ केलीं, तेव्हां त्यास सुमारें एक दशांशच श्रम पडले. अर्थाचा धागा असेल तेथें स्मरण सोपें होतें. न समजतां घोकलेला शब्द मुलापुरता निरर्थक अक्षरसमूहच होय.

हा धागा भिवंडीच्या मुलास दूर शोधावा लागत नाहीं. मागावर बाणा घेऊन इकडून तिकडे धांवणारा धोटा म्हणजेच शटल. ही ये-जा ध्यानांत आली म्हणजे दोन ठिकाणांमध्यें सारख्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीस ‘शटल’ कां म्हणतात, हें निराळें सांगावें लागत नाहीं. ताण्याचें सूत ज्यावर गुंडाळतात तो बीम. घराची तुळई हीहि बीमच, आणि प्रकाशाचा झोत हाहि बीमच. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गोदामांवर ‘वेअरहाऊस’ अशी पाटी दिसते. ‘वेअर’ म्हणजे माल, ‘हाऊस’ म्हणजे घर. हा तुकडा कळला कीं ‘हार्डवेअर’च्या दुकानाची पाटीहि बोलूं लागते. जाड सुती कापडास इंग्रजींत ‘डंगरी’ म्हणतात. तें नांव मुंबईच्या डोंगरीवरून पडलें असें मानतात. आपल्याच मुलखाची खूण परक्या भाषेंत भेटली कीं मुलाची निम्मी भीति पळते.

परंतु आधीं कोणते शब्द शिकावे? ढाक्यांत शिक्षकांना शिक्षण देण्याचें काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनीं १९५३ सालीं सुमारें २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या लेखनाचा फार मोठा भाग अशा शब्दांनींच व्यापलेला असतो. दुर्मिळ शब्दांचा भार वाहण्यापूर्वीं हे पक्के व्हावे. शिवाय शब्द एकटा न शिकतां सोबत्यासह शिकावा. मराठींत चूकहि ‘करतात’ आणि गृहपाठहि ‘करतात’. इंग्रजींत मात्र चुकीस ‘मेक’ लागतें व गृहपाठास ‘डू’. अशा जोड्या वाक्यांत लिहिल्या म्हणजे बोलतांना जीभ अडखळत नाहीं.

रोज आठ-दहा शब्द पुरेत. त्यांची उजळणी दुसऱ्या दिवशीं, मग तीन दिवसांनीं, मग आठवड्यानें व महिन्यानें व्हावी. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणें नव्हे. अर्थ पाहून शब्द आठवणें, आणि न आठवल्यासच पाहणें.

यांत आईबापांसहि वांटा आहे. इंग्रजी न येणाऱ्या आईनें वही हातीं घेऊन मराठी वा उर्दू अर्थ तेवढे वाचावे आणि मुलानें शब्द सांगावे. कारखान्याची पाळी संपवून आलेल्या बापासहि एवढें करतां येईल. दहा मिनिटांचें हें काम आहे. त्यास शिकवणीची फी पडत नाहीं, आणि आपलें शिकणें घरास हवें आहे, हें मुलास न सांगतां कळतें.