मनाचा ब्रेक आणि हाताचा ब्रेक

घाटातून जाताना एस.टी.च्या खिडकीतून दिसणारी 'मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक' ही पाटी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. ती मोटारवाल्यांसाठी लिहिलेली असली, तरी हल्ली सायकलवाल्यांनीही ती थांबून वाचावी, असे मला वाटते.

नाशिकला सायकलीचे दिवस पुन्हा आले आहेत. २०१५ साली आपल्याच गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर तर रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला सायकलींची रांगच दिसू लागली. मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि सुटलेले पोट यांवर सायकलीसारखे दुसरे स्वस्त औषध नाही, तेव्हा डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. मात्र याच काळात जाड टायरच्या, गिअरच्या 'डोंगरी' सायकली बाजारात आल्या. त्या घेऊन तरुण मुले अंजनेरीच्या पायथ्याची चढण, नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट आणि आसपासच्या टेकड्यांवरच्या पायवाटा गाठू लागली. पालक विचारतात, "डॉक्टर, याला उतारावर जाऊ द्यावे का?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. ते कोणता उतार, कोणती सायकल आणि चालवणारा कोण, या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

चढ वेगळा, उतार वेगळा

पुष्कळांचा समज असा, की जो घाट चढू शकतो त्याला तो उतरणे सोपेच. हा समज चुकीचा आहे. चढताना दम लागला की शरीर आपोआप थांबते. चढाची कसोटी छातीची आणि मांड्यांची असते व झेपले नाही तर माणूस खाली उतरून सायकल ढकलतो. उतारावर दम लागत नाही, त्यामुळे आतून कोणी 'थांब' म्हणत नाही. तेथे कसोटी असते ती बोटांची, डोळ्यांची आणि ब्रेकची.

वेगाचा हिशेब पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. खड्डा दिसून बोटे ब्रेकवर दाबली जाईपर्यंतच एवढे अंतर संपते. शिवाय वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. उतारावर ते आणखी वाढते, कारण ब्रेक मागे खेचत असताना उतार पुढे ढकलत असतो.

दुसरा हिशेब उष्णतेचा. चालवणारा आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले आणि ३०० मीटर उंची केवळ ब्रेक दाबत उतरली, तर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता पाऊण लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी असते. ही सारी उष्णता रबराच्या चार लहान तुकड्यांना आणि रिमला, किंवा दोन पातळ डिस्कना सोसावी लागते.

डोंगरावरून सायकल उतरवण्याच्या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. १९७६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील माऊंट तमालपाईस या डोंगराजवळ काही तरुणांनी जुन्या सायकलींवर उतारशर्यती सुरू केल्या. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतरायचे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि दर खेपेनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले. लांब कशाला जा, आपल्या कसारा घाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे दिसायला अगदी साधा आहे. तरीही घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीला गाडीचे ब्रेक तपासले जातात आणि सुटलेली गाडी अडवण्यासाठी घाटात चढाकडे वळणारे वेगळे रूळ टाकलेले आहेत. सायकलवाल्यासाठी असा वेगळा रूळ कोणी टाकलेला नाही.

सायकल काय सांगते?

जाड टायर आणि पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असली म्हणजे सायकल डोंगराची झाली, असे नाही. अनेक स्वस्त सायकली दिसायला डोंगरी असल्या, तरी त्या गावातल्या रस्त्यासाठीच बनवलेल्या असतात. सोबतच्या माहितीपुस्तकात बहुधा तसे लिहिलेलेही असते, पण ते पुस्तक खोक्याबरोबर रद्दीत जाते. आपली सायकल कशासाठी बनवली आहे, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे खर्च करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक जागचे हलता कामा नये. मग मागच्या ब्रेकची तशीच परीक्षा घ्या. ब्रेकचा दांडा दाबल्यावर हँडलच्या मुठीला टेकत असेल, तर उताराचा विचार सोडून द्या. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा झिजल्या आहेत का, वायरीचे धागे सुटले आहेत का, चाक हाताने हलवल्यावर बाजूला डुगडुगते का, तेही पाहा. हँडलच्या टोकांना रबरी बूच आहे ना, हे अवश्य बघा. त्याचे कारण पुढे सांगतो.

आपल्याकडची आणखी एक सवय सांगितली पाहिजे. शाळेचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा शिवतात, तशीच सायकलही 'दोन वर्षे पुरेल' म्हणून मोठी घेतात. अशा सायकलवर मुलाची बोटे ब्रेकच्या दांड्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि सीटवरून पुढे उतरून उभे राहिले, तर दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत. अशी सायकल सपाट गल्लीत चालून जाईल, पण उतारावर ती धोक्याची आहे.

आपली तयारी किती?

परदेशात डोंगरातल्या सायकलवाटांवर हिरवा, निळा, काळा अशा खुणा लावून वाट किती अवघड ते सांगतात. आपल्या पायवाटांवर सहसा अशी पाटी नसते. ती परीक्षा आपली आपणच घ्यायची. त्यासाठी मोकळ्या मैदानाकडे जाणारा एखादा सौम्य, रहदारी नसलेला उतार निवडा.

पहिली परीक्षा, खडूने रेघ मारून बरोबर त्या रेघेवर मागचे चाक न घसरता थांबता येते का? दुसरी, माणसाच्या चालीपेक्षाही हळू, तोल न जाता सरळ उतरता येते का? तिसरी, सीटवरून उठून, दोन्ही पॅडल सारख्या उंचीवर ठेवून, गुडघे आणि कोपर सैल ठेवून पन्नास मीटर जाता येते का? या तिन्ही गोष्टी दहापैकी दहा वेळा जमल्या, तर थोड्या अधिक उताराकडे वळा. सात वेळा जमल्या तर अजून सराव हवा. उतारावर चुकण्याची जी तीन खेपांची शक्यता आहे, ती कोणत्या वळणावर येईल हे सांगता येत नाही.

पुढच्या ब्रेकला घाबरून अनेक जण फक्त मागचा वापरतात. खरे तर थांबवण्याची ताकद पुढच्या ब्रेकमध्ये जास्त असते. मात्र तो एकदम दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून शरीराचे वजन मागे घेऊन दोन्ही ब्रेक हळूहळू, वळणाच्या आधीच दाबायचे. ऐन वळणात, मुरमावर किंवा बारीक खडीवर ब्रेक आवळला की चाक घसरलेच.

नवी वाट आधी पायी चढून पाहावी. जेथे चालताना चप्पल सरकते, तेथे टायरही सरकेल. पावसाळ्यात कातळावरचे शेवाळ आणि पावसाळा संपल्यावर उंच गवतात लपलेले दगड, हे आपल्या डोंगरांतले दोन मोठे शत्रू आहेत. गडाच्या घाटात त्यांच्या जोडीला धुके, माकडे आणि समोरून येणारी एस.टी. असते.

या सगळ्याचे सार एकाच प्रश्नात आहे : या उतारावर, मला वाटेल त्या ठिकाणी, मला थांबता येईल का? येत असेल तर तो उतार तुमचा. येत नसेल तर सायकल हातात धरून पायी उतरा. चांगले सायकलपटूही तसेच करतात.

शरीराचीही तपासणी

चढून वर पोहोचल्यावर लगेच उतरू नका. मांड्या थरथरत असतात आणि लक्ष विचलित झालेले असते. पंधरा मिनिटे बसा, पाणी प्या, थोडे खा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांची रक्तातील साखर श्रमानंतर उतरू शकते. घाम, थरथर, धडधड ही लक्षणे दिसली तर आधी साखर खावी आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत हँडलला हात लावू नये.

फिट येणाऱ्यांनी उताराच्या वाटेला जाऊच नये. सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळीने गुंगी येत असेल, तर त्या दिवशी नको. दोन नंबरांच्या चष्म्यातून खाली पाहिले की जमिनीचे अंतर फसवे दिसते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना डोक्यावरचा साधा मारही महागात पडू शकतो. अशांनी सपाट रस्त्यावर खुशाल सायकल चालवावी, पण तीव्र उतार टाळावा. लांब उतारावर बोटे बधिर झाली किंवा मनगट दुखू लागले, तर ब्रेकची पकड सुटण्यापूर्वी मिळालेली ती सूचना समजा आणि थांबा. तेवढ्यात ब्रेकही निवतील. पण गरम डिस्कला हात मात्र लावू नका.

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे आणि पट्टा बांधलेला पाहिजे. डोक्यामागे सरकवलेले हेल्मेट शोभेपुरतेच असते.

पडल्यावर काय पाहावे?

काही दुखापती उशिरा बोलतात. हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही तरी दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासावे. तेथील लहान हाडाचे मोडणे सुरुवातीला लपून राहते.

हँडलचे टोक पोटात लागणे ही मुलांमधली फसवी दुखापत आहे. माझ्याकडे आलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलाच्या पोटावर फक्त एक गोल वळ होता. घरच्यांनी हळद लावून त्याला झोपवले. संध्याकाळी तो पांढराफटक पडला, खांदा दुखतो म्हणू लागला. त्याची प्लीहा फाटून पोटात रक्त साचले होते. वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचला म्हणून वाचला. त्याच्या सायकलच्या हँडलला टोकाचे रबरी बूच नव्हते, उघडी नळी होती.

डोक्याला मार लागलेला माणूस आधी नीट बोलतो आणि काही तासांनी झापड येते, असेही घडते. उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे किंवा गुंगी दिसली, तर 'झोपू द्या, बरे वाटेल' असे म्हणू नका. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. पडल्यानंतरचे पहिले चोवीस तास अशा माणसाला एकटे ठेवू नये. मान दुखत असेल तर उचलून बसवू नका, आहे तसेच राहू द्या आणि मदत बोलवा. खरचटले असेल तर जखम वाहत्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करा.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलाला डोंगरावर जायला बंदी केली तर तो न सांगता जाईल. त्यापेक्षा येत्या रविवारी त्याच्यासोबत त्या मैदानाकडच्या उतारावर जा, खडूने रेघ मारा आणि बाजूला उभे राहून त्याला थांबताना पाहा. तुम्हाला जे दिसेल, तेच त्यालाही दिसेल. सोबत पाना घ्या, म्हणजे ब्रेकही तेथेच घट्ट करता येईल.