चिकटणारे आणि लगेच सुटणारे डीएनए

हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी डीएनए ठशांची भारतीय पद्धत विकसित केली, तेव्हा त्यांच्या हाताशी पट्टेरी मण्यार या सापापासून मिळालेला डीएनएचा एक तुकडा होता. त्यात ‘जीएटीए’ ही चार अक्षरे पुनःपुन्हा येतात. असा तुकडा आपला जोडीदार क्रम शोधतो आणि त्याला घट्ट बिलगतो. डीएनएचा हाच स्वभाव आता सूक्ष्मदर्शकाच्या कामी आला आहे. मात्र तेथे ही मिठी क्षणिक असावी लागते.

साध्या प्रकाशसूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. एर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये सांगितलेली ही मर्यादा ओलांडणाऱ्या संशोधनाला 2014 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ‘डीएनए-पेंट’ ही त्याच कुळातील पद्धत, राल्फ युंगमान आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलेली. पेशीतील प्रथिनाला डीएनएचा आखूड धागा जोडतात. त्याचे चमकते जोडीदार धागे द्रावणात तरंगत असतात. एखादा चिकटला की ठिपका उजळतो, सुटला की विझतो. हजारो छायाचित्रांतील अशा ठिपक्यांचे नेमके मध्य काढून चित्र उभे राहते.

अडचण वेळेची. एका चित्राला तासन्‌तास लागत. दिवसभरात मोजक्याच पेशी पाहून झाल्यावर निष्कर्ष कितपत खात्रीचा मानायचा? तरंगते धागे वाढवावेत, तर सगळी पार्श्वभूमीच उजळते आणि ठिपके तीत बुडतात.

तोड निघाली ती अक्षरांच्या निवडीतून. स्वतःवरच दुमडणारा धागा जोडीदाराला उशिरा भेटतो. म्हणून 2019 मध्ये परस्परांशी न जुळणारी अक्षरे वापरून धागे रचले गेले. द्रावणही सुधारले आणि वेग सुमारे दहापट वाढला. पुढच्याच वर्षी त्याच छोट्या क्रमाची एका धाग्यावर पुनरावृत्ती करण्यात आली. चिकटायला अनेक जागा मिळाल्याने भेटी वाढल्या, पण प्रत्येक मिठी आखूडच राहिली. मूळ पद्धतीच्या तुलनेत वेग शंभरपटीपर्यंत गेला. मण्यारीच्या तुकड्यातील पुनरावृत्तीची येथे आठवण होते, हेतू निराळा असला तरी.

हे चित्रण बहुतांशी रसायनांनी स्थिर केलेल्या पेशींचे असते, त्यामुळे वाढलेला वेग म्हणजे जिवंत हालचालींचे दर्शन नव्हे. शिवाय अक्षरांवर बंधन आल्याने परस्परांत न मिसळणारे वेगवान क्रम थोडेच मिळतात. एकाच पेशीत अनेक प्रथिने पाहायची असतील, तर ही उणीव जाणवते.