खोल्यांची वही
(लेखमाला : कळफलकावरची साहसं – भाग ४)

मागच्या आठवड्यात आपण मजकुरी खेळ चालवणारा फ्रॉट्झ हा प्रोग्राम बसवला, ‘झोर्क’ या मजकुरी साहसखेळाची फाईल उघडली आणि स्क्रीन रीडरने पहिला परिच्छेद वाचून दाखवला. टपालपेटी उघडून आतलं पत्रक वाचण्यापर्यंत बहुतेकांची मजल गेली असेल. पुढचा प्रश्न ठरलेला आहे : मी आता कुठे आहे, आणि आलो तिथे परत कसं जायचं? चार-सहा खोल्यांपर्यंत सगळं डोक्यात राहतं. त्यापुढे घोळ होतो आणि नवखा दृष्टिहीन खेळाडू ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून खेळ बंद करतो. घाई नको. या खेळांचा नकाशा डोळस खेळाडूलाही कुठे दिसत नसतो. तोही मजकूर वाचत वाचतच कागदावर चौकोन काढतो आणि रेषांनी जोडतो. त्या आकृतीत माहिती असते ती एवढीच : अमुक खोलीतून अमुक दिशेला गेलं की तमुक खोली लागते. ही माहिती यादीतही पुरती मावते.

या खेळप्रकाराचा उगमसुद्धा वहीतलाच. विल क्राउदर हा अमेरिकी प्रोग्रामर आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया दोघंही केंटकीतल्या मॅमथ गुहांची मोजणी करणाऱ्यांपैकी. गुहेत एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत फीत धरायची, होकायंत्राने दिशा घ्यायची, चढ-उतार मोजायचा आणि आकडे वहीत ओळीने उतरवायचे. नकाशा त्यावरून नंतर तयार व्हायचा. हे आकडे संगणकाला देऊन क्राउदर नकाशे काढून घेत असे. त्याच गुहांच्या ओळखीवर त्याने 1975-76च्या सुमारास पीडीपी-10 संगणकावर, फोरट्रान भाषेत ‘कोलॉसल केव्ह अॅडव्हेंचर’ लिहिला. 1977मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो वाढवला. तो खेळून एमआयटीतल्या मंडळींनी ‘झोर्क’ रचला.

आता आपली वही. त्यासाठी नोटपॅड पुरे. ऑल्ट-टॅबने खेळ आणि वही यांत ये-जा करायची. एका खोलीला एक ओळ. प्रत्येक खोलीला क्रमांक, मग नाव, मग वाटा, शेवटी वस्तू. ‘झोर्क’ची सुरुवात अशी उतरते :

खोली 1. घराची पश्चिम बाजू. उत्तरेला 2, दक्षिणेला 3. पूर्वेचं दार फळ्या ठोकून बंद. पश्चिम बाकी. टपालपेटी.

खोली 2. घराची उत्तर बाजू. पश्चिमेला 1, पूर्वेला 4. दक्षिण बंद. उत्तर बाकी.

यातला ‘बाकी’ हा शब्द फार कामाचा. ज्या वाटेने अजून गेलो नाही, तिथे तो लिहायचा. खेळ अडला की कंट्रोल-एफ दाबून ‘बाकी’ शोधायचं. राहिलेल्या सगळ्या वाटा एकेक करून समोर येतात. हे सगळं रोमन लिपीत टंकलं तरी चालेल, सारखी भाषा बदलण्याचा व्याप वाचतो.

वरच्या दोन ओळी पुन्हा ऐका. पहिल्या खोलीतून उत्तरेला गेलं की दुसरी लागते, पण दुसरीतून दक्षिणेला गेलं तर पहिली लागत नाही. तिकडे फळ्या मारलेल्या खिडक्या आहेत. परतायचं तर पश्चिमेला जावं लागतं, कारण आपण घराला वळसा घालून आलेलो असतो. नवख्यांची दिशाभूल होते ती इथेच. म्हणून उलटी वाट गृहीत धरायची नाही. नव्या खोलीत पाऊल टाकलं की आधी परत फिरून बघायचं आणि मगच ओळ पुरी करायची. काही वाटा तर एकतर्फीच असतात. दिवाणखान्यातला गालिचा सरकवला की खाली चोरदरवाजा सापडतो, पण त्यातून पहिल्यांदा तळघरात उतरलात की तो वरून धाडकन बंद होतो. अशा वाटेपुढे ‘एकतर्फी’ लिहा आणि तिथून जाण्याआधी ‘सेव्ह’ करा.

ऐकून खेळणाऱ्याने खेळाच्या सुरुवातीलाच दोन आज्ञा द्याव्यात. पहिली ‘व्हर्बोज’. ती दिली नाही तर दुसऱ्यांदा आलेल्या खोलीचं वर्णन गाळलं जातं आणि फक्त नाव ऐकू येतं. वही भरून झाली की ‘ब्रीफ’ देऊन बडबड कमी करता येते. दुसरी ‘स्क्रिप्ट’. ती सगळा खेळ मजकुराच्या फाईलीत साठवत जाते, निसटलेलं वर्णन नंतर शांतपणे ऐकता येतं. खोलीचं नाव पडद्याच्या वरच्या पट्टीतही असतं, पण ती पट्टी स्क्रीन रीडर आपणहून वाचेलच असं नाही. शंका आली की ‘एल’ टंकून ‘लुक’ करा. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या डेस्कटॉप मांडणीत अंकपट्टीवरच्या 7, 8, 9 या कळांनी मागची, चालू आणि पुढची ओळ ऐकता येते, तर 4, 5, 6 ने एकेक शब्द.

हाताला जाणवणारा नकाशा हवा असेल, तर अंधशाळेत गणिताला वापरलेली टेलर फ्रेम बाहेर काढा. तिच्या प्रत्येक भोकात खिळा आठ दिशांना वळवून बसवता येतो आणि त्यावरून अंक वाचतात. खोल्यांचे क्रमांक भोकांत मांडा, दोन खोल्यांमध्ये जागा सोडा, म्हणजे कोणती खोली कुणाच्या कोणत्या अंगाला आहे ते बोटांना कळतं. मात्र वर-खाली जाणाऱ्या वाटा तिच्यात बसत नाहीत; त्या वहीतच राहू द्या.

आणि भुलभुलैया? ‘कोलॉसल केव्ह’मधल्या एका भुलभुलैयात सगळ्या खोल्यांचं वर्णन शब्दशः एकच आहे. तिथे प्रत्येक खोलीत एक वस्तू टाकायची. ती वस्तूच त्या खोलीचं नाव. दिवा तेवढा हातात ठेवायचा. दुसऱ्या भुलभुलैयात मोजकेच शब्द प्रत्येक खोलीत थोडे वेगळ्या क्रमाने येतात. स्क्रीन रीडरचा वेग खूप ठेवलात तर हा फरक हातचा जाईल. तेव्हा वेग उतरवा आणि शब्द-शब्द ऐका. ‘झोर्क’च्या भुलभुलैयात वस्तू टाकण्याची युक्तीही डळमळते, कारण तिथला चोर टाकलेल्या वस्तू इकडच्या तिकडे करतो.

एवढी वही सांभाळणं नकोसं वाटत असेल, तर एमिली शॉर्टच्या ‘ब्राँझ’ (2006) या खेळाने सुरुवात करा. त्यात नवख्यांसाठी वेगळी मदत आहे आणि पाहिलेल्या खोलीचं नाव घेऊन ‘गो टू’ म्हटलं की खेळ स्वतःच तिथवर नेतो.

पुढच्या आठवड्यात तळघर. तोवर ‘झोर्क’मधल्या घराच्या चारी बाजू, स्वयंपाकघर, दिवाणखाना आणि माळा अशा सात ओळी वहीत भरून ठेवा. माळ्यावर अंधार आहे, तेव्हा दिवाणखान्यातला कंदील आधी उचला आणि पेटवा, मगच वर चढा.